पगार डिझाइनचा, माग घरचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी तरुणी तिशीच्या आतली आहे. वस्त्ररचनेचं शिक्षण झालंय आणि पाचेक वर्षं भोसरीकडच्या एका होम फर्निशिंग निर्यातदाराकडे डिझायनर म्हणून नोकरी चालू आहे. राहायला पुण्यात वारज्याला, वन बीएचके. बोनसच्या पैशांतून चार शाफ्टचा, म्हणजे धागे उचलणाऱ्या चार चौकटींचा टेबल लूम घेतला, टेबलावर ठेवायचा हातमाग. एक ताणा (मागावर चढवलेले उभे धागे) विणून झाला, दुसरा अर्धवट ओवलेला तसाच पडून आहे. दिवसभर ऑफिसात कापडच बघायचं, त्यामुळे घरी आल्यावर मागाकडे बघवत नाही. मग नोकरी सोडावी, माग विकावा, की दोन्ही सांभाळायची काही रीत आहे?

मी या धंद्यात वीसेक वर्षं आहे. आधी चादरी-पडदे केले, आता रग आणि कुशन. घरी माग आहे, त्यावर काम चालू असतं आणि नोकरीही चालू आहे. तेव्हा जे सांगते ते चालू कामातलं आहे.

नोकरी सोडायचं आधी बाजूला ठेवा, कारण प्रश्न तुम्ही नोव्हेंबरात विचारलाय. आपल्या धंद्यात नोव्हेंबरात कुणाला नोकरी सोडावीशी वाटत नाही? फ्रँकफर्टचं हाइमटेक्सटिल, घरगुती कापडांचं मोठं प्रदर्शन, जानेवारीत असतं. न्यूयॉर्कचा मार्केट वीक सप्टेंबरात आणि पुन्हा मार्चमध्ये. म्हणजे पावसाळा सरताना जो रगाडा सुरू होतो तो संक्रांतीपर्यंत थांबत नाही. स्ट्राइक-ऑफ (छपाईचे चाचणी नमुने), लॅब डिप (रंगाचे चाचणी नमुने), एकेका डिझाइनचे चार-चार कलरवे, म्हणजे रंगसंगती, आणि चारही बायरला 'जरा वॉर्म' हवे असतात. गणपती, नवरात्र, दिवाळी याच काळात येतात. हातकामाच्या वस्तूंचा खपही याच दिवसांत होतो. दिवाळीआधीची प्रदर्शनं, डिसेंबरात सिंचननगरच्या मैदानावरची भीमथडी जत्रा, सगळं एकावर एक. या सहा महिन्यांत ऑफिसचं कलेक्शनही चोख करायचं आणि घरी स्टॉलपुरता मालही विणायचा असं ठरवलं तर एक ना धड, भाराभर चिंध्या होणारच. तो आळस नाही आणि कलेवरचं प्रेम आटल्याचं लक्षणही नाही, कॅलेंडरच तसं आहे.

म्हणून रोजच्या समतोलाचा नाद सोडा. रोज संध्याकाळी एक तास मागावर बसायचं, हा सल्ला देणाऱ्याने स्वतः ताणा चढवलेला नसतो. हिशेब वर्षाचा मांडा. फेब्रुवारी ते जुलै हे आपले महिने, त्यातला मार्चचा पंधरवडा वजा करून. नवा ताणा, नवा प्रयोग, रंगाई, सगळं तेव्हाच. ऑगस्ट ते जानेवारी मागावर फक्त जे चढलेलं आहे ते विणायचं, आणि तेही जमलं तर. त्या काळात माग आठवडाभर झाकलेला राहिला म्हणून जीव जाळू नये.

आता 'बघवत नाही' याबद्दल, कारण खरी गाठ तिथे आहे. ऑफिसात आपण कापड करत नाही, कापडाबद्दल निर्णय करतो. हा निळा की तो, नक्षीचा रिपीट ३२ सेंटीमीटरचा की ६४ चा, काठ ठेवायचा की काढायचा. संध्याकाळपर्यंत शिणते ती ही निवड करणारी नजर. हात बिचारे माऊसपलीकडे कुठे गेलेलेच नसतात. अशा वेळी घरी येऊन पुन्हा 'आता कुठला रंग घेऊ, कुठली वीण घेऊ' इथपासून सुरुवात केली तर डोकं नाही म्हणणारच. उपाय असा की घरच्या कामातली निवड आधीच संपवून टाकायची. एका मोसमापुरता नियम घाला आणि तो मोडू नका. उदाहरणार्थ, या वर्षी फक्त साधी वीण, एकाच नंबरचं सूत, न रंगवलेला पांढरा आणि एक निळा. किंवा फक्त दख्खनी मेंढीची लोकर, तिच्या अंगच्या काळ्या, करड्या, पांढऱ्या रंगांत. घोंगडी विणणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या एवढ्याच रंगांत काम केलं आणि पट्ट्यांची जी रुंदी-अरुंदी त्यांनी साधली ती बघून आमच्यासारख्या स्क्रीनवर हजारो रंग घेऊन बसणाऱ्यांनी खाली मान घालावी. असा नियम असला की रात्री नऊ वाजता मागावर बसताना ठरवायचं काही उरत नाही. बसायचं आणि विणायचं.

याच्याच जोडीला आणखी एक. ऑफिसात जे करता त्याचीच लहान आवृत्ती घरी करू नका. प्रिंटच्या विभागात असाल तर घरी ब्लॉक प्रिंट नको, वीण किंवा गोधडीकाम घ्या. जकार्ड, म्हणजे विणीतूनच चित्र उमटवणारं कापड, करत असाल तर घरी चित्राचा हट्ट सोडून नुसत्या पोतावर काम करा. ऑफिसचं सॉफ्टवेअर घरी उघडूच नये. चौकटीचा कागद आणि पेन्सिल पुरते.

वेळेचं म्हणाल तर 'वेळ मिळत नाही' हे अर्धंच खरं. कामाच्या आणि वेळेच्या तुकड्यांची मापं जुळत नाहीत, हे जास्त खरं. तुमचाच माग घेऊ. ४० सेंटीमीटर पन्हा, दोन पदरी दहा नंबरचं सूत, सेंटीमीटरला ८ धागे. म्हणजे ताण्याचे ३२० धागे झाले. ते मोजून घ्यायचे, रुळावर गुंडाळायचे, एकेक करून हेडलमधून, म्हणजे शाफ्टवरच्या डोळ्यांतून ओवायचे, मग फणीतून काढायचे, गाठी मारून ताण सारखा करायचा. सवय असलेल्या माणसालाही यात सहा-सात तास सहज जातात. ओवताना मध्येच उठलात, फोन घेतलात, की शाफ्टचा १, २, ३, ४ हा क्रम चुकतो आणि चूक कळते ती विणायला लागल्यावर, कापडात उभी रेघ उमटली की. तुमचा दुसरा ताणा अर्धवट राहिलाय तो इथेच, मी पैज लावायला तयार आहे. सात तासांचं काम तुम्ही पाऊण-पाऊण तासाच्या फटीत कोंबायला गेलात.

प्रत्यक्ष विणणं मात्र पाऊण तासाच्या फटीत छान बसतं. आडव्या धाग्याच्या कांड्या भरणं पंधरा मिनिटांचं, टीव्हीसमोरही होतं. गोंडे पिळणं, कडा शिवणं, नमुने वहीत चिकटवणं, हीसुद्धा फुटकळ वेळेतली कामं. म्हणून ताणा चढवायला सलग दोन दिवस काढा, शक्यतो लाँग वीकेंडचे, आणि रजा टाकावी लागली तर टाका. सहलीला टाकतोच की. ताणा एकदम पाच-सहा मीटरचा लावा, म्हणजे पुढचे दोन महिने मागावर नुसतं विणायचंच काम उरतं. आणि चढवलेला ताणा हलवू नका. माग बाहेरच्या खोलीत, येता-जाता दिसेल असा ठेवा, वर जुनी चादर टाका. दर वेळी पलंगाखालून काढून लावायचा असेल तर तो कधीच लागणार नाही. पाहुण्यांना विचित्र वाटतं ते दोन भेटींपुरतं, तिसऱ्या भेटीत तेच आपणहून पाच ओळी विणून बघतात.

घरच्यांचं एक सांगते. आठवड्यातले दोन ठरलेले वार घरात जाहीर करून टाका. 'जमेल तेव्हा बसेन' असं म्हटलं की त्या वेळेवर कुकरपासून वाणसामानापर्यंत सगळ्यांचा हक्क लागतो. बायकांच्या बाबतीत तर जास्तच. माझा मंगळवार आणि शुक्रवार आहे. त्या दिवशी रात्रीचं जेवण नवरा बघतो. मुगाची खिचडी ठरलेली, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

रंगाईचं गणित आणखी वेगळं. नैसर्गिक रंगाचं काम संध्याकाळी होत नाही, त्याला आख्खा दिवस लागतो. सुती कापडावर तुरटी एकटी नीट धरत नाही. आधी हिरड्याच्या काढ्यात भिजवून टॅनिन चढवावं लागतं, सुताच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्के हिरडा, मग १५ टक्क्यांच्या आसपास तुरटी, आणि मग मंजिष्ठा, लाल रंगाची मुळी. मंजिष्ठा उकळायची नाही, फार तापली की लाल मरून तपकिरी होऊ शकतं. हिरडा आपल्याच जिल्ह्यातला आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी लोक तो गोळा करतात. मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांत हिरडा, मंजिष्ठा, डाळिंबाची साल सगळं मिळतं. दसऱ्यानंतरचा झेंडूही चालतो, पण त्याचा पिवळा डाळिंबाच्या सालीइतका उन्हाला टिकत नाही.

पुण्यात यात खरा घोळ पाण्याचा. खडकवासल्याचं नळाचं पाणी, बोअरचं आणि टँकरचं, तिन्हींत त्याच मापाने तीन रंग येतात. बोअरच्या पाण्यातल्या कॅल्शियमने मंजिष्ठेचा लाल उलट खुलतो, पण त्याच पाण्यात लोहाचा अंश असला तर पिवळा मळकट, हिरवट होऊन बसतो. त्यामुळे वहीत नमुन्याशेजारी वजन, टक्के, तापमान यांच्याबरोबर पाणी कुठलं होतं तेही लिहा. ऑफिसात लॅब डिपच्या नोंदी जितक्या काटेकोर ठेवता तितक्याच इथे ठेवा. नोकरीने लावलेली ही शिस्त हातकाम करणाऱ्या अनेकांकडे नसते, तुम्हाला ती आयती मिळाली आहे. तसंच धुऊन किती आटतं, ओल्या आणि कोरड्या घासण्याने रंग सुटतो का, हे बघितल्याशिवाय एकही वस्तू कुणाला देऊ नका. बाकी भांडी स्वयंपाकाची वापरायची नाहीत, एवढं पथ्य पाळा. रंगाईत वापरतात ते लोखंडाचं पाणी आणि चुना घरात लहान मूल असेल तर कुलपात ठेवा. वन बीएचकेत हे सगळं महिन्यातून एका रविवारी, बाल्कनीत. जास्त करू नका, सोसायटीचं गटार निळं झालं की कमिटीची नोटीस येते.

आता नोकरीला हातकामाचा काय उपयोग, याचं एक उदाहरण देते, कारण ऑफिसात वरिष्ठांना हे सांगायची वेळ येते. पडद्याच्या कापडात साध्या विणीचा पट्टा आणि त्याशेजारी सॅटिनचा पट्टा, असं डिझाइन स्क्रीनवर फार देखणं दिसतं. सपाट, चकचकीत. सोलापूरला किंवा इचलकरंजीला ते मागावर चढतं आणि दहा-पंधरा मीटरनंतर तिथल्या विणकाम मास्तरांचा फोन येतो, पट्टा फुगतोय. का फुगतो? साध्या विणीत उभा धागा प्रत्येक आडव्या धाग्याला वर-खाली वळसा घालतो, त्यामुळे त्याची लांबी जास्त खर्ची पडते. सॅटिनमधला धागा चार-चार आडव्या धाग्यांवरून सरळ तरंगत जातो, त्याची कमी खर्ची पडते. दोन्ही एकाच बीमवर (ताण्याच्या रुळावर) असतील तर साधे धागे ताणत जातात आणि सॅटिनचे सैल पडतात. सॅटिनला वेगळा बीम द्यावा लागतो, म्हणजे खर्च वाढतो, म्हणजे बायरची किंमत बसत नाही, म्हणजे आठवडाभर मेल. घरच्या मागावर हे पहिल्या मीटरलाच बोटांना कळतं, काही धागे तारेसारखे आणि शेजारचे लोंबणारे. ज्या डिझायनरने हे एकदा हाताने अनुभवलंय ती स्क्रीनवरच पट्ट्यांची रुंदी आणि वीण बदलते. मास्तर तुमचं ऐकायला लागतात ते यामुळे, डिग्रीमुळे नाही.

कराराचं बघितलंत का? बहुतेक जण नेमणूकपत्र बँकेच्या कर्जापुरतं वाचतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीची पहिली मालकी तुम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्याची असते, वेगळा करार नसेल तर. हे न्याय्यच आहे, त्याचाच पगार मिळतो. अडचण त्यापुढची असते. काही करारांत 'नोकरीच्या काळात केलेलं सर्व काम' असा मोघम शब्द असतो, तर काहींत दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाला सरसकट मनाई. अशा वेळी लपूनछपून करू नका. एचआरला साधा मेल करा की घरी हातमागावर वैयक्तिक काम करते, ऑफिसची वेळ, यंत्रं, सॉफ्टवेअर, अर्काइव्ह वापरत नाही, कंपनीच्या ग्राहकांना किंवा स्पर्धकांना काही विकत नाही. लेखी परवानगी घ्या आणि जपून ठेवा. मिळाली नाही तर निदान कळतं की विकायचं नाही. विणायला तर कुणी बंदी करू शकत नाही.

पथ्यं स्वतःहून पाळायची. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं एक रेखाटनही नको. ट्रेंड फोरकास्टची वर्गणी कंपनीची असते, त्यातले रंग घरी आणायचे नाहीत. बायरसाठी केलेलं डिझाइन नाकारलं गेलं तरी ते तुमचं होत नाही, हे विशेष लक्षात ठेवा, कारण मोह तिथेच होतो. आणि घरच्या वहीत पानापानावर तारीख घाला, उद्या कुणी बोट दाखवलं तर ती वही उत्तर देते.

उलट बाजूनेही एक कायदा माहीत हवा. तुमचा स्वतःचा एखादा नमुना एखाद-दोन नगांपुरता हाताने करत असाल तर प्रश्न नाही. पण तोच छापखान्यात किंवा यंत्रमागावर देऊन ५० पेक्षा जास्त नग काढले आणि २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केलेली नसेल, तर कॉपीराइट संपतो. नोंदणीने १० वर्षं संरक्षण मिळतं, पुढे ५ वर्षं वाढवता येतं, पण अर्ज बाजारात आणण्याआधी करावा लागतो. इन्स्टाग्रामवर आधी फोटो आणि मग नोंदणी, हा क्रम उलटा आहे.

आता विकण्याकडे येते, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. मला वाटतं पहिली दोन-तीन वर्षं विकूच नये. भेट द्या, घरात वापरा, मैत्रिणीला सुताच्या किमतीत द्या. कारण सोपं आहे. पगार मिळतोय म्हणून तुमच्या मागावर कुणाची मर्जी सांभाळायची गरज नाही. पूर्वी कारागिराला राजाश्रय लागायचा, तुम्हाला दर महिन्याच्या एक तारखेला मिळतो. तो असताना घरच्या कामालाही बायर शोधायची घाई का? स्टॉल लावला की पहिल्याच दिवशी कळतं की निळे स्टोल जातात आणि करडे राहतात. पुढच्या खेपेला आपण नकळत निळेच विणतो. म्हणजे ऑफिसात जे करतो तेच, फक्त कमी पैशांत.

पैशांचा हिशेबच करून बघा. पाच मीटरच्या ताण्यातून दोन स्टोल निघतात. ताण्याचे सात तास दोघांत वाटले तर प्रत्येकी साडेतीन. टेबल लूमवर दांडे हाताने बदलावे लागतात, त्यामुळे तासाला वीस-पंचवीस सेंटीमीटर विणलं तर चांगलं चाललंय म्हणायचं, म्हणजे दोन मीटरला आठ ते दहा तास. गोंडे आणि धुणं धरून एक तास. एकूण तेरा-चौदा तास. तासाचे फक्त २०० रुपये धरले तरी मजुरी २,६०० ते २,८००. सूत जेमतेम दोनशे ग्रॅम, त्याचे शे-दीडशे. दुकानदाराचं कमिशन ४० टक्के असेल तर स्टोल साडेचार हजारांच्या पुढे लावावा लागतो. शेजारच्या स्टॉलवर यंत्रमागाचा सहाशेला असतो, आणि गिऱ्हाईक दोन्ही हातांत घेऊन 'तेच तर आहे' म्हणतं. त्याचा राग धरून उपयोग नाही, त्याला फरक दिसावा असं कापड करायला वर्षं लागतात. तीच वर्षं पगाराच्या आडोशाला काढावीत, असं माझं म्हणणं. २०० रुपये तास हा तुमच्या ऑफिसच्या तासाच्या दरापेक्षा कितीतरी कमी आहे, हेही एकदा कागदावर लिहून बघा.

विकायला लागलात तर कागद नीट ठेवा. विक्रीचं उत्पन्न पगाराबरोबर आलं की आयटीआर-१ चालत नाही, धंद्याचं उत्पन्न दाखवावं लागतं. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर पाठवायला लागलात की नियम बदलतात, हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, तिथे सीएला विचारा. उद्यम, म्हणजे लघुउद्योगांची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

कुणी तुम्हाला असंही सुचवेल की स्वतः कशाला विणता, येवल्याला किंवा सोलापूरला विणकराकडून करून घ्या, तुम्ही फक्त डिझाइन द्या. चांगला धंदा आहे, कराही. पण मग ते तुमचं हातकाम राहत नाही, ती दुसरी नोकरी होते, आणि त्यात दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न गुंतलेला असतो. विणकराला नमुन्याचे वेगळे पैसे, सुताला आगाऊ रक्कम, आणि माल खपो न खपो मजुरी वेळेवर, हे जमणार असेल तरच त्या वाटेला जा. वस्तूवर त्याचं नाव घालायचं, 'स्थानिक कारागिरांनी विणलेलं' एवढ्यावर भागवायचं नाही.

नोकरी करून स्वतःचं काम होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच चित्रकार प्रभाकर बरव्यांकडे बघावं. १९३६ ते १९९५ एवढं आयुष्य. जे. जे.तून बाहेर पडल्यावर १९६१ च्या सुमाराला ते केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात लागले आणि जवळपास वीस वर्षं तिथे होते. हातमागासाठी नमुने करणं हे त्यांचं ऑफिसचं काम. सुरुवातीची काही वर्षं ते वाराणसीच्या केंद्रात होते, आणि तिथे भेटलेल्या तांत्रिक प्रतिमांचा त्यांच्या चित्रांवर किती परिणाम झाला हे सर्वांना माहीत आहे. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनीही त्याच संस्थेच्या मुंबई केंद्रात काही काळ काम केलं. यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते असं की बरव्यांची चित्रं साडीच्या नमुन्यांची थोरली भावंडं नव्हती. दोन कामं शेजारी-शेजारी राहिली आणि एकाने दुसऱ्याची जागा खाल्ली नाही. तिकडे अमेरिकेत विणकर-कलावंत अॅनी अल्बर्स नोल या फर्निचर कंपनीसाठी घरसजावटीची कापडं करत होत्या आणि घरी भिंतीवर लावायच्या विणी, दोन्ही एकाच काळात. कंपनीचं कापड त्यांनी कमीपणाचं मानलं नाही. तुम्हीही मानू नका. लाखो घरांत रोज वापरली जाणारी चादर नीट करणं हे काम मोठंच आहे, इन्स्टाग्रामवर 'कॉर्पोरेट सोडून मातीशी जोडले गेले' छापाच्या गोष्टी वाचून त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

तरी सोडायचीच झाली, तर केव्हा? माझी कसोटी अशी. घरखर्च आणि हप्ते धरून वर्षभराचे पैसे बाजूला हवेत. कंपनीचा आरोग्यविमा सुटतो, आईवडील त्यात असतील तर आधी स्वतंत्र पॉलिसी घ्या, कारण नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना थांबावं लागतं. आणि नातेवाईक-मैत्रिणी सोडून तिऱ्हाईत माणसं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकत घ्यायला यायला हवीत. पहिली खरेदी कौतुकाची असते. हे तिन्ही असेल तर खुशाल सोडा. पण एक बघून ठेवा. माझ्या ओळखीच्या ज्या दोघी-तिघींनी सोडली त्यांचे मागावरचे तास वाढले नाहीत, कमी झाले. कुरियर, फोटो, प्रदर्शनाचं बुकिंग, उधारी वसूल करणं, यातच दिवस जातो. मधली वाटही असते. आठवड्याला चार दिवसांचं काम किंवा कलेक्शनपुरतं कन्सल्टिंग मागून बघा. जानेवारीचं प्रदर्शन संपल्यावर, फेब्रुवारीत मागा. नोव्हेंबरात मागितलं तर साहेब ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतात.

राहिला तो अर्धवट ताणा. तो तसाच पुढे ओवायचा प्रयत्न करू नका, क्रम कुठे तुटलाय ते आता आठवणार नाही. ओवलेले धागे शेवटपासून मोजत या, चुकीच्या जागेपर्यंत काढा आणि तिथून पुन्हा सुरू करा. रुळावरचा ताण सैल पडला असेल तर पुन्हा गुंडाळावा लागेल आणि ते एकट्याने होत नाही, एकाने धागे ताणून धरायचे आणि दुसऱ्याने रूळ फिरवायचा. पुण्यात घरी माग असलेली माणसं दिसतात त्याहून बरीच आहेत, कॉलेजच्या बॅचमध्ये विचारा, एखादी कोथरूड-कर्वेनगरात निघेलच. तिच्याशी सरळ सौदा करा, तुझ्या ताण्याला मी येते, माझ्याला तू ये. जेवण ज्याच्या घरी ताणा त्याच्याकडे.